अंदाजपत्रकात नसलेले पान

फेब्रुवारी उजाडला की नगरपरिषदांच्या कार्यालयांत एक ठरलेली लगबग सुरू होते. लेखापालाच्या टेबलावर मागील वर्षांच्या आकड्यांचे तक्ते पसरतात. प्रत्येक विभागाकडून मागणी येते, ती कापली जाते, पुन्हा जोडली जाते, आणि महिनाअखेरीस विशेष सभेत थोड्याफार शिलकीचे अंदाजपत्रक मंजूर होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते, ‘कोणतीही करवाढ नाही’. आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागते.

नोकरीच्या निमित्ताने मी अशी पुष्कळ अंदाजपत्रके चाळली आहेत. त्यांत रस्ते असतात, गटारे असतात, दिवाबत्ती, अग्निशमन, उद्याने, कोंडवाडा, अगदी स्वागत-सत्काराचा खर्चही असतो. एक गोष्ट मात्र कुठेच एकत्र सापडत नाही. या गावातला माणूस रात्री निर्धास्त झोपावा, बाई उशिरा का होईना पण निर्भयपणे घरी पोहोचावी, भांडण कोर्टाची पायरी चढण्याआधी मिटावे, आणि एकदा चुकलेला पोरगा पुन्हा त्याच वाटेला लागू नये, यासाठी हे गाव स्वतः किती पैसे खर्च करते? हा प्रश्न विचारला की उत्तर तयार असते: ‘ते पोलिसांचे काम. पोलीस राज्य शासनाचे.’

हे उत्तर अर्धे खरे आहे. आणि अर्धे खरे उत्तर फार सोयीचे असते, कारण उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी मग कोणाचीच राहत नाही. आजचा हा लेख त्या उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या विट्यात एका दुकानाला आग लागली आणि एकाच कुटुंबातील चार माणसे गेली. खाली दुकान आणि वर घर, ही आपल्याकडच्या बाजारपेठेची जुनी रीत. त्या दिवसानंतर गावात कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. कोणाचे काय चुकले याचा निवाडा करणे हा माझा अधिकार नाही, आणि तो या लेखाचा हेतूही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या आगीत पोलिसांचा प्रश्न नव्हता. बंब, बंबावरची प्रशिक्षित माणसे, बाजारपेठेत पाणी भरून घेण्याची सोय, बोळात गाडी शिरण्याइतकी जागा, दुकानावरच्या घराला दुसरा जिना, या सगळ्या गोष्टी स्थानिक संस्थेच्या कारभाराशी जोडलेल्या आहेत. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाने सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणे, आग विझविणे, आगीच्या वेळी जीवित आणि मालमत्ता वाचविणे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त करणे ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये ठरवली आहेत. ‘जमल्यास करावे’ अशा सदरात ती मोडत नाहीत.

जबाबदारी अशी वाटली कशी गेली

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्यांकडे आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि शहरांच्या संस्थांकडे सोपवावयाचे अठरा विषय सांगितले. त्यांत अग्निशमन आहे, पथदिवे आहेत, दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आहे. पोलीस नाहीत. खेड्यांसाठीच्या अकराव्या अनुसूचीतल्या एकोणतीस विषयांतही नाहीत.

ही विभागणी आजकालची नाही. इंग्रजी अमदानीच्या आरंभी अनेक शहरांच्या नगरपालिकांना पोलिसांचा खर्चही सोसावा लागे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या प्रसिद्ध ठरावाने त्यांना त्या ओझ्यातून मोकळे करून तो पैसा शाळा, दवाखाने अशा कामांकडे वळविण्याचे धोरण स्वीकारले. धोरण चांगलेच होते. नगरपालिकेच्या तिजोरीतून शिपायांचे पगार देऊन शाळा उपाशी ठेवणे कोणालाच पटणार नाही. पण त्याबरोबर एक सवय आपल्या अंगी मुरली. पोलिसांचा पगार आपला नाही, तेव्हा सुरक्षितताही आपला विषय नाही, असे स्थानिक संस्था मानू लागल्या.

अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. तिथे बहुतेक ठिकाणी शहराचे पोलीस शहराच्या तिजोरीतून पोसले जातात आणि खटला चालेपर्यंत डांबलेल्या माणसांचा तुरुंग काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक, आपल्या अंदाजपत्रकातून चालवतो. त्यामुळे तिथल्या लोकप्रतिनिधीला एक हिशेब रोज टोचतो: व्यसनी माणसाला वर्षभर कोंडून ठेवणे स्वस्त की त्याच्यावर उपचार करणे? टेक्सास हे काही मवाळ राज्य म्हणून ओळखले जात नाही. तरी २००७ साली तिथल्या विधिमंडळाने नव्या तुरुंगांवर पन्नास कोटी डॉलरहून अधिक खर्च करण्याऐवजी सुमारे २४ कोटी डॉलर व्यसनमुक्ती, उपचार आणि देखरेखीच्या पर्यायांवर खर्च करायचे ठरवले. त्यामागे दयाबुद्धीपेक्षा हिशेबाची वही अधिक होती.

आपल्याकडे ही वही फाटून वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरली आहे. पोलीस ठाण्याचा खर्च गृह खात्याचा, तुरुंगाचा खर्च कारागृह विभागाचा, न्यायालयाचा विधी व न्याय खात्याचा, दिव्याचा खर्च नगरपरिषदेचा. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’च्या २०२५ च्या अहवालानुसार देशात पोलिसांवर माणशी वर्षाला १२७५ रुपये, न्यायव्यवस्थेवर १८२ रुपये, तुरुंगांवर ५७ रुपये आणि मोफत कायदेविषयक मदतीवर अवघे सहा-साडेसहा रुपये खर्च होतात. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांतील दर चार माणसांपैकी तीन माणसे अजून दोषी ठरलेलीच नव्हती, ती कच्ची कैदी होती. या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. पण हे दोन्ही आकडे एकाच पानावर कोणाच्याही समोर येत नाहीत.

विट्याच्या रस्त्यावरून

आता पुन्हा गावात येऊ. विटा हे यंत्रमागाचे गाव. माग रात्रीही चालतात, आणि कामगार भलत्या वेळी सुटतात. गुहागर-विजापूर महामार्ग गावाला चाटून जातो. शिवाय हा सारा खानापूर-आटपाडीचा टापू गलाई व्यवसायाचा. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी इथली माणसे देशाच्या कानाकोपऱ्यात गेली आहेत. गावाकडे उरतात ती बंद घरे, आणि अनेक घरांत एकटे-दुकटे म्हातारे आईवडील. अशा गावाची सुरक्षिततेची गरज सांगली-मिरजेपेक्षा वेगळी असणार. ती मुंबईच्या मंत्रालयात बसून कशी कळावी? ती कळते वॉर्डात.

महामार्गाच्या चौकातला दिवा बंद पडला तर तो कोणाचा, महामार्ग खात्याचा, वीज कंपनीचा की नगरपरिषदेचा? हे ठरेपर्यंत पंधरा दिवस जातात. त्या पंधरा दिवसांत त्या चौकात जे काही घडते त्याची नोंद मात्र पोलीस ठाण्याच्या डायरीत होते आणि गुन्ह्यांच्या किंवा अपघातांच्या आकड्यांत मोजली जाते. दिव्याच्या खर्चाच्या पानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

कॅमेऱ्यांचेही तसेच. अलीकडे प्रत्येक गावाला कॅमेरे हवे आहेत. जिल्हा नियोजनातून, आमदार निधीतून, व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून ते लागतात, उद्घाटन होते, फोटो छापून येतो. एका गावात (नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते कोणतेही असू शकते) मी तपासणीसाठी कागद मागितले. कॅमेरे खरेदीची पावती होती, दुरुस्तीची तरतूद नव्हती. निम्म्याहून अधिक कॅमेरे बंद होते, आणि ते नेमके कधी बंद पडले हे सांगणारी नोंदही नव्हती. समजा, कॅमेऱ्यांवर वीस लाख रुपये खर्च झाले. वीज, जोडणी, साठवण आणि दुरुस्ती यांवर दरसाल दहा टक्के धरले तरी दोन लाख लागतात, पाच वर्षांत दहा लाख. खरेदीच्या ठरावाबरोबर हा दहा लाखांचा ठराव कोणी मांडत नाही. देणगीतून आलेली वस्तू फुकट असते, अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात ती दरवर्षी पैसे मागते, आणि न दिल्यास खांबावर लटकत राहते.

जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे येथे सांगलीच्या पोलिसांनी मेफेड्रोन, म्हणजे ज्याला ‘एमडी’ म्हणतात तो मादक पदार्थ बनविणारा कारखाना उघडकीस आणला. कोट्यवधींचा माल जप्त झाला. कारखाना पकडणे हे पोलिसांचे काम, ते त्यांनी केले. पण अशा विषाची चटक लागलेल्या पोराला त्याच्या आईने कुठे न्यायचे? समुपदेशक कोण, तो आठवड्यातून किती दिवस बसणार, त्याचे मानधन कोणत्या लेखाशीर्षातून? धाड टाकायला पैसे आहेत, पण त्या आईला द्यायला उत्तर नाही. म्हणून तोच पोरगा उद्या लहानसहान चोरीत सापडतो आणि मग त्याच्यावर खर्च करायला सगळे खाते तयार असते: पोलीस, सरकारी वकील, न्यायालय, तुरुंग. पहिला खर्च गावाने केला असता तर दुसरा कदाचित राज्याला करावा लागला नसता.

याच मातीतला जुना प्रयोग

हे सारे परदेशी विचार आहेत, असे कोणाला वाटेल. तसे नाही. विट्याहून पूर्वेला आटपाडीकडे जावे. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. बहात्तर गावांच्या त्या छोट्या संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना जाहीर केली. त्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंतांचे परिश्रम होते आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अवलिया अभियंत्याची धडपड होती. गावपंचायतींना कारभाराबरोबर न्यायदानाचेही अधिकार मिळाले.

आणि त्याच वर्षी आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसले. तुरुंगातले निवडक कैदी तिथे भिंतींशिवाय, बेड्यांशिवाय, आपल्या बायकामुलांसह राहू लागले, जमीन कसू लागले. पुढे व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला तो याच प्रयोगावरून, आणि त्याची कथा लिहिली ती याच माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी. चित्रपट साऱ्या जगाने पाहिला. स्वतंत्रपूरची वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाखाली आहे. पण सांगली जिल्ह्यातल्याच किती शाळांच्या सहली तिथे जातात?

औंधकरांनी जे केले ते भावनेच्या भरात केले असे समजू नये. एका लहानशा, दुष्काळी, तुटपुंज्या उत्पन्नाच्या संस्थानाने कैद्याला चार भिंतींत बसवून पोसण्याऐवजी जमिनीचा तुकडा दिला. पडीक जमीन लागवडीला आली, माणूस कुटुंबापासून तुटला नाही. सुधारणा आणि काटकसर एकाच वेळी साधता येते, हे ज्या माळावर सिद्ध झाले तो आपल्याच जिल्ह्यात आहे.

दुसरा प्रयोग तर कालपरवाचा. तासगावचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समिती निवडायची, बांधाचे, भाऊबंदकीचे, पैशाचे तंटे गावातच सामोपचाराने मिटवायचे, आणि जे गाव हे काम करील त्याला लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस. राज्यभर असंख्य वाद कोर्टाबाहेर मिटले. पण ही मोहीमही बक्षिसावर उभी होती. बक्षीस एकदा मिळते, आणि तंटे दरसाल होतात. बक्षीस मिळाल्यावर अनेक गावांतल्या समित्या केवळ फलकावर उरल्या. कारण समितीचा कारकून, कागद, प्रवास, महिन्याची बैठक यांसाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दोन ओळींचीही जागा नव्हती. शिवाय मोहीम गावांची. विट्यासारख्या शहराला तिचा आधार मिळाला नाही, आणि भाऊबंदकी तर शहरातही आहे.

ग्रामन्यायालयांची गोष्ट याच वळणाची. २००८ च्या कायद्याने न्यायालय लोकांच्या दाराशी नेण्याचे ठरले. केंद्राने प्रत्येक ग्रामन्यायालयासाठी एकदाच १८ लाख रुपये आणि चालू खर्चाचा निम्मा वाटा, वर्षाला ३ लाख २० हजारांपर्यंत, तोही पहिली तीन वर्षेच, देऊ केला. चौथ्या वर्षी काय? हा प्रश्न ज्यांना पडला त्यांनी मुळात सुरुवातच जपून केली. महाराष्ट्रात अशी न्यायालये मोजकीच निघाली. सुधारणेचा पहिला हप्ता मिळतो, पण दुसऱ्या हप्त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. आपल्या बहुतेक सुधारणा या दोन हप्त्यांच्या मधल्या खड्ड्यात पडल्या आहेत.

टिकलेला प्रयोग कसा असतो, हेही पाहू. १९८४ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसू लागली. मार खाऊन आलेल्या बाईला फौजदारासमोर उभे राहण्याआधी तिच्याशी बोलणारे माणूस मिळाले. पुढे राज्य शासनाने हे कक्ष आपले मानले, त्यांच्या पगाराची तरतूद केली आणि ते राज्यभर पसरले. कल्पना चांगली होती म्हणून तो टिकला, हे खरेच. पण पगार अंदाजपत्रकात आला म्हणून टिकला, हे त्याहून खरे.

आता येणारे नवे काम

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिने आपल्या शिक्षांच्या यादीत प्रथमच ‘सामुदायिक सेवा’ आणली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, किंवा दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घातला असेल, तर अशा काही किरकोळ गुन्ह्यांत न्यायालय आरोपीला विनामोबदला लोकोपयोगी काम करायला लावू शकते. स्वतंत्रपूरची आठवण असलेल्या जिल्ह्याने या तरतुदीचे दोन्ही हातांनी स्वागत करायला हवे.

पण ही सेवा होणार कुठे? नगरपरिषदेच्या बागेत, स्मशानभूमीत, दवाखान्यात, शाळेच्या आवारात, म्हणजे स्थानिक संस्थेच्या जागेत. हजेरी कोण घेणार? हातमोजे, फावडे कोण देणार? काम करताना इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार? काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणाच्या सहीने न्यायालयात जाणार? एक मुकादम, एक नोंदवही आणि थोडीशी तरतूद, एवढ्यावर हे भागते. एवढेही नसेल तर न्यायाधीश बिचारे काय करतील? हुकूम देऊन तो पाळला जात नाही असे दिसले की ते पुन्हा दंड आणि कैदेकडे वळतील, आणि संहितेतली एक चांगली तरतूद कागदावरच म्हातारी होईल.

सुरक्षितता कोणाची?

इथे एक इशारा दिला पाहिजे. सुरक्षिततेवर खर्च वाढवा, असे म्हटले की कॅमेरे, गस्त, कुंपणे एवढेच डोळ्यांसमोर येते. आपल्या भागात चोरी झाली की पहिली शंका पारध्यांच्या पालावर जाते, हे आपण सगळे जाणतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. कायद्यातून शिक्का पुसला गेला, पण मनांतून तो तितका पुसला गेलेला नाही. ज्या वस्तीला नळ नाही, दिवा नाही, मुलांकडे जातीचा दाखला नाही, ती वस्तीही या गावाचाच भाग आहे. सुरक्षिततेचा पहिला दिवा तिथे लागला पाहिजे. बाजारपेठेत कॅमेरा आणि पालावर अंधार, अशा अंदाजपत्रकाला सुरक्षिततेचे अंदाजपत्रक म्हणता येणार नाही. ती फक्त एकाने दुसऱ्यावर ठेवलेली पाळत होय.

उलट, विश्वासावर केलेला खर्च किती फळतो हे आपल्यासारख्याच एका यंत्रमागाच्या गावाने दाखविले आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळ सोसली. पुढे सुरेश खोपडे हे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, मागावर काम करणारी, दुकान चालवणारी, पोलिसांसह नियमित बसू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. या समित्यांना कोटींचा निधी लागला नव्हता. लागला होता पोलिसांचा वेळ, बसायला सतरंजी आणि सातत्य. सातत्य मात्र अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर जाऊ नये असे वाटत असेल तर ते कुठेतरी लिहून ठेवावे लागते. लोकशाहीत ते लिहिण्याची जागा अंदाजपत्रकच.

एक पान, चार रकाने

माझी सूचना साधी आहे. पोलीस नगरपरिषदेच्या ताब्यात द्या, असे मी म्हणत नाही. गावच्या राजकारणाच्या हाती दंडुका देणे हे घातकच ठरेल. मी एवढेच म्हणतो की प्रत्येक नगरपरिषदेने आणि मोठ्या ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकाला एक पान जोडावे. त्याला ‘सुरक्षितता आणि न्याय’ म्हणा. नवे पैसे नसले तरी चालेल, आधी विखुरलेले आकडे एका पानावर आणा: पथदिवे, अग्निशमन, कॅमेरे, धोकादायक इमारती, चौकांची सुधारणा, भटकी जनावरे, महिला-बालकल्याणातून होणारे समुपदेशन, सामुदायिक सेवेची व्यवस्था, तंटे मिटविणारी समिती.

पानाला चार रकाने असावेत. पहिला, यंदाची खरेदी. दुसरा, ती वस्तू पुढची पाच वर्षे चालती ठेवण्याचा खर्च. हा रकाना कोरा असेल तर खरेदीचा ठरावच मंजूर करू नये. तिसरा, जबाबदार अधिकाऱ्याचा हुद्दा. चौथा, मागच्या वर्षी काय झाले: किती दिवे किती दिवस बंद होते, वर्दी मिळाल्यापासून बंब पोहोचायला किती मिनिटे लागली, किती तंटे मिटले, किती जणांनी सामुदायिक सेवा पुरी केली. अंदाजपत्रकाच्या सभेआधी पोलीस ठाण्याचे अधिकारी, न्यायालयातील विधी सेवा समिती, महिला मंडळे, यंत्रमाग कामगार आणि पालावरची माणसे यांना बोलावून हे पान वाचून दाखवावे. पुण्याने २००६ च्या सुमारास नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवायला सुरुवात केली. विट्याएवढ्या गावात ते तर एका सभागृहात होईल.

पैसे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. तो खोटा नाही. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि त्या राज्याच्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसल्या. पण सगळेच दरवाजे बंद नाहीत. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने अग्निशमन सेवेसाठी शुल्क आकारण्याचा मार्ग दिला आहे. त्याच कायद्याने ठराविक इमारतींच्या मालकांनी जानेवारीत आणि जुलैत आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावयाचे आहे. ही प्रमाणपत्रे मागितली तरी खर्च न वाढता धोका कमी होतो. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी-स्वच्छतेला बांधलेली आणि ४० टक्के स्थानिक गरजेनुसार वापरायला मोकळी होती. अशा मोकळ्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, कमानीचा की बंबाच्या पाण्याच्या टाकीचा, हे सभागृहाने ठरवायचे असते. आणि राज्यानेही आपला वाटा उचलावा. गावाने भांडण, व्यसन, अंधार यांवर पैसे खर्चून पोलीस ठाण्याचा, न्यायालयाचा आणि तुरुंगाचा भार हलका केला, तर वाचलेल्या पैशाचा काही भाग त्या गावाकडे परतायला हवा. आज बचत राज्याची आणि खर्च गावाचा, म्हणून गावाला उत्साह नाही.

हे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी एकच उदाहरण देतो. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक विट्याने पटकावला. पूर्वी कचरा हा सफाई कामगारांचा विषय होता. मग तो मोजला जाऊ लागला, त्यासाठी गाड्या, माणसे, वेळापत्रक आणि पैसे यांची नोंद झाली, घराघरातल्या बायका ओला-सुका कचरा वेगळा करू लागल्या, आणि दुष्काळी टापूतले हे गाव दिल्लीच्या व्यासपीठावर पोहोचले. गाव तेच, माणसेही तीच. जे मोजले आणि ज्यासाठी तरतूद केली, ते झाले.

राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि अंदाजपत्रके पुन्हा लोकांनी निवडलेल्या सभागृहांच्या हाती आली. प्रशासकाला आपण प्रश्न विचारू शकत नव्हतो, अशी तक्रार आपण इतके दिवस केली. आता ती सबब उरलेली नाही. येत्या सभेच्या आधी आपापल्या वॉर्डातल्या सदस्याला गाठून एवढेच विचारावे: आमच्या गल्लीतला दिवा, बाजारातला बंब आणि वाट चुकलेल्या पोराला सावरणारा माणूस, या तिघांचा खर्च यंदा कोणत्या पानावर आहे?

पान सापडले नाही तर त्यांना ते लिहायला सांगावे. नोव्हेंबरात गेलेली ती चार माणसे परत येणार नाहीत. पण वर घर आणि खाली दुकान असलेल्या त्या बाजारपेठेत आज रात्रीही कितीतरी कुटुंबे झोपणार आहेत.